टपावरचा गॅस

गॅसवर चालणाऱ्या ब्रिटिश बसचा इतिहास हा इंजिनाचा कमी आणि जागेच्या टंचाईचा जास्त आहे. एक गॅलन, म्हणजे साडेचार लिटर पेट्रोल जेवढे काम करते, तेवढे काम दिव्याच्या, म्हणजे दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसकडून करून घ्यायचे तर सुमारे २५० ते ३०० घनफूट गॅस लागतो. लिटरमध्ये मोजले तर हा आकडा सात ते साडेआठ हजारांवर जातो. पेट्रोल समंजस असते, दिलेल्या डब्यात निमूट बसते. गॅसला मात्र कितीही जागा दिली तरी कमीच पडते. म्हणून ब्रिटिश तंत्रज्ञांनी तो कधी बाकांखाली कोंबला, कधी टपावर बांधला, तर कधी बसच्या मागे भट्टी जोडून जागच्या जागी तयार केला. प्रवाशांनी प्रत्येक वेळी तक्रार केली आणि प्रत्येक वेळी त्याच बसने प्रवास केला.

गॅसवर वाहन चालवण्याचा पहिला गाजलेला प्रयोग सॅम्युअल ब्राउन या इंग्रज अभियंत्याचा. १८२३ मध्ये त्याने एका इंजिनाचे पेटंट घेतले. त्याची रीत अशी होती की सिलिंडरमध्ये गॅस पेटवायचा, लगेच पाण्याने आतली गरम हवा थंड करायची, त्यामुळे आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला ढकलतो. थोडक्यात, आधी आग लावायची, मग घाईघाईने निववायची आणि या धांदलीत जे काही हलेल त्यावर गाडी चालवायची. १८२६ मध्ये ब्राउनने हे इंजिन बसवलेली गाडी लंडनच्या आग्नेयेकडील शूटर्स हिल या टेकडीवर चढवून दाखवली. ही टेकडी साधीसुधी नव्हे. डिकन्सच्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ या कादंबरीत डोव्हरला निघालेल्या टपालगाडीचे प्रवासी याच चढावर उतरून चिखल तुडवत चालतात. ब्राउनची गाडी टेकडी चढली. त्याच्या धंद्याला मात्र चढ झेपला नाही. इंजिन अवाढव्य, शक्ती बेताची आणि वाफेच्या मानाने खर्च जास्त, असा हिशेब निघाला. शोध यशस्वी आणि शोधक अयशस्वी, या प्रकाराची सुरुवात गॅसगाडीच्या इतिहासात अगदी पहिल्या पानावरच झाली.

यानंतर गॅसने काही दशके चाकांचा नाद सोडून दिव्यांवर लक्ष दिले. लंडनच्या गॅस लाइट अँड कोक कंपनीला १८१२ मध्ये सनद मिळाली आणि शतक संपेपर्यंत ब्रिटनमधल्या बहुतेक गावांत गॅसचा कारखाना उभा राहिला. बंद भांड्यात दगडी कोळसा तापवायचा, निघालेला वायू धुऊन-गाळून मोठ्या टाक्यांत साठवायचा आणि रस्त्याखालच्या नळांतून घरोघरी पोचवायचा. सारे सुखाने चालले असताना १८८० नंतर विजेचा दिवा आला. गॅस कंपन्यांचे एक चिरंतन गिऱ्हाईक, म्हणजे अंधार, विजेने पळवायला सुरुवात केली. तेव्हा कंपन्यांना अचानक असे वाटू लागले की गॅसचा खरा जन्म प्रकाशासाठी झालेलाच नव्हता; तो झाला होता वाहतुकीसाठी.

त्यातून गॅसवरची ट्राम अवतरली. ती ल्यूरिग या जर्मन पद्धतीची होती आणि डेसाउ शहरात आधीच धावत होती. ब्रिटनमध्ये १८९६ मध्ये ब्लॅकपूल, सेंट ॲन्स आणि लिदम या किनारी गावांच्या मार्गावर ती सुरू झाली. दाबाने भरलेल्या गॅसच्या टाक्या आणि इंजिन हे दोन्ही गाडीच्या पोटात, म्हणजे प्रवाशांच्या बुडाखाली बसवलेले असे. इंजिन एकदा बंद पडले की पुन्हा सुरू करणे जिकिरीचे, म्हणून ट्राम थांबली तरी इंजिन चालूच राही. परिणामी चालती ट्राम पुढे जाई आणि थांबलेली ट्राम जागच्या जागी थरथरे. लोक या किनाऱ्यावर समुद्राची शुद्ध हवा खायला येत. ट्राममध्ये त्यांना जळक्या गॅसची हवा तिकिटाच्या पैशांतच मिळे. ‘ही ट्राम हलते का एवढी?’ असे कुणी विचारले, तर ‘हलते म्हणून तर पोचते,’ याहून चांगले उत्तर कंडक्टरपाशी असणे शक्य नव्हते. १९०३ मध्ये या मार्गावर वीज आली आणि थरथर थांबली.

मँचेस्टरजवळच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये १८९७ च्या जुलैमध्ये गॅसची ट्राम मोठ्या थाटात सुरू झाली आणि काही दिवसांतच रुळांवरून घसरली. सेवा तात्पुरती बंद ठेवावी लागली. वेल्समधल्या नीथ गावात मात्र १८९९ पासून १९२० पर्यंत गॅसच्या ट्राम चालल्या. कोळशाच्या खाणींच्या परिसरात गॅसचे एवढे कौतुक टिकले यात नवल नाही. शिवाय एकवीस वर्षांत माणूस कशालाही सरावतो आणि सरावलेल्या माणसांची तक्रार बंद झाली की त्यालाच समाधानकारक सेवा म्हणण्याचा प्रघात सर्वच देशांत आहे.

गॅसच्या बसला खरी संधी दिली ती पहिल्या महायुद्धाने. १९१४ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर लंडन जनरल ऑम्निबस कंपनीच्या बी-टाइप जातीच्या सुमारे ९०० बस सैन्याच्या कामासाठी गेल्या. काल जे वाहन कारकुनांना कचेरीत पोचवत होते, तेच आता सैनिकांना खंदकांच्या दिशेने नेऊ लागले. उरलेल्या बसनी गर्दी वाहायची, तर १९१७ च्या फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनकडे येणारी जहाजे सरसकट बुडवायला सुरुवात केली. पेट्रोल समुद्रापलीकडून येत होते. कोळसा मात्र देशाच्या पोटात भरपूर होता आणि त्यापासून केलेला गॅस प्रत्येक गल्लीखालून वाहत होता. पायाखाली इंधन असताना ते सातासमुद्रांपलीकडून आणण्याचा वेडेपणा करावाच कशाला, असा प्रश्न अनेकांना एकाच वेळी पडला. युद्धकाळात असे साधे प्रश्न फार लवकर सुचतात.

तयारीही सोपी होती. बसच्या टपावर लाकडी चौकट ठोकायची, तीत रबर लावलेल्या कापडाची भलीमोठी पिशवी बसवायची, पिशवीतून एक नळी इंजिनाकडे आणायची आणि हवा-गॅसच्या मिश्रणासाठी एक झडप लावायची. इंजिनात फारशी चिरफाड करावी लागत नसे. गॅस दाबून पोलादी टाक्यांत भरला असता तर जागा वाचली असती. पण पोलाद जड, दाब देणारी यंत्रे महाग आणि युद्धात दोहोंना दुसरी कामे. म्हणून गॅस बिनदाबाचा, आपल्या पूर्ण आकारात, ऐसपैस टपावर बसून प्रवास करू लागला. भरलेली पिशवी म्हणजे माळ्यावर न मावल्यामुळे घरभर फिरणारी गादीच. फरक इतकाच की गादीच्या जोरावर कुणी घर चालवत नाही.

पिशवी भरण्यासाठी रस्त्यालगतच्या नळाला रबरी नळी जोडत. घरगुती गॅसचा दाब इतका सौम्य असे की पिशवी फुगायला तिच्या सवडीने वेळ लागे. प्रवासी आत बसलेले, ड्रायव्हर खाली उभा आणि सगळ्यांच्या माना वर. गाव लहान असेल तर बघ्यांचीही सोय होई.

अशा बसचा हिशेब करमणूक करणारा आहे. समजा, पिशवी ५०० घनफुटांची आहे. म्हणजे टपावर जवळजवळ चौदा हजार लिटर गॅस. एवढा पसारा वाहून नेल्यावर मिळणारी शक्ती किती, तर जेमतेम दोन गॅलन पेट्रोलची. त्या काळच्या जड बसला एका गॅलनमध्ये सात मैलांची मजल धरली, तर पूर्ण फुगलेल्या पिशवीवर ती चौदा मैल, म्हणजे बावीस-तेवीस किलोमीटर जाणार. त्यानंतर पुन्हा नळ शोधणे आले. बस वेळापत्रकावर चालते हा समज मागे पडला. ती नळापासून नळापर्यंत चालू लागली.

पेट्रोलच्या बसमध्ये इंधन किती उरले आहे हे गुपित ड्रायव्हरजवळ राहते. गॅसच्या बसमध्ये ते साऱ्या गावाला दिसे. निघताना टम्म फुगलेली पिशवी मैलामैलाला खाली बसत जाई, मग तिला सुरकुत्या पडत आणि शेवटी ती चौकटीत आडवी होई. स्टॉपवरच्या लोकांना बसचा नंबर वाचण्याआधी पिशवी वाचायची सवय लागली असणार. ‘पोचेल का हो ही?’ एखाद्या आजीबाई विचारत असतील. कंडक्टर मान वर करून अंदाज घेत म्हणत असेल, ‘वारा पाठीमागून आला तर पोचेल, आजी.’ ‘आणि समोरून आला तर?’ ‘तर तुमचं तिकीट अर्ध्या वाटेचंच काढतो.’

वारा हा खरोखरच गंभीर विषय होता. पिशवी वाऱ्याला अडे, वेग वाढवला की फडफडे आणि चौकटीतून बाहेर पडू पाही. त्यामुळे सावकाश चालवणे भाग होते, जे प्रवाशांना आवडत नसे. आणि जोरात चालवले तर ते पिशवीला आवडत नसे. झाडाच्या फांद्या आणि ठेंगणे रेल्वेपूल हे आणखी दोन शत्रू. रोजच्या मार्गावरचा पूल किती उंच आहे याचा विचार आयुष्यात कधी न केलेल्या ड्रायव्हरांना आता बसची उंची पिशवी धरून आणि पिशवी सोडून, अशी दोन प्रकारे पाठ ठेवावी लागे. यात एक विलक्षण सोय होती. सकाळी भरलेल्या पिशवीमुळे जो पूल अडवे, तोच गॅस संपत आल्यावर आपोआप वाट देई. फक्त तोपर्यंत पुलाखालून जाण्याइतका गॅस उरलेला असावा लागे.

धूम्रपान हा तिसरा प्रश्न. टपावर हजारो लिटर ज्वालाग्राही वायू आणि खाली पाइप ओढणारे ब्रिटिश गृहस्थ, ही रचना कुठल्याही विमा कंपनीची झोप उडवणारी. ‘साहेब, पाइप विझवा. वर गॅस आहे,’ असे कंडक्टरने म्हणावे आणि साहेबांनी शांतपणे उत्तर द्यावे, ‘असू दे. पाइप खाली आहे.’ विज्ञान पाहिले तर साहेबांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. दिव्याचा गॅस हवेपेक्षा हलका असतो. गळला तर वर जातो. पण बरोबर ठरण्यासाठी आधी जिवंत राहावे लागते, हा मुद्दा अशा वादात नेहमीच उशिरा ध्यानात येतो.

या साऱ्या खटाटोपात ठळकपणे दिसणारे नाव म्हणजे टी. एच. बार्टन. नॉटिंगहॅमच्या आसपास १९०८ पासून बस चालवणाऱ्या या उद्योगी गृहस्थांनी युद्धकाळात पेट्रोलऐवजी गॅस वापरून पाहिला. जवळच चिलवेल येथे तोफगोळ्यांत स्फोटके भरण्याचा मोठा सरकारी कारखाना उभा राहिला होता आणि तिथल्या कामगारांची ने-आण हा बार्टन यांच्या बसचा मोठा धंदा होता. दिवसभर स्फोटके हाताळून आलेल्या माणसाला डोक्यावरच्या गॅसच्या पिशवीची भीती घालणे अवघड. भीती ही सवयीची गोष्ट आहे आणि चिलवेलच्या कामगारांची सवय फार वरच्या दर्जाची होती.

गॅसची बस चालते हे सिद्ध झाल्यावर जे व्हायचे तेच झाले. पेट्रोलवर नियंत्रण होते, गॅसवर नव्हते. मग बसबरोबर मालमोटारी आल्या, मालमोटारींमागून खासगी मोटारी आल्या आणि ज्यांना युद्धाशी काही कर्तव्य नव्हते अशा गाड्याही डोक्यावर पिशवी घेऊन हिंडू लागल्या. युद्धासाठी काटकसर करण्याच्या नावाखाली हौस भागवता येते, हा शोध गॅसच्या शोधापेक्षा कितीतरी वेगाने पसरला. सरकारने डोळे उघडून पाहिले तेव्हा त्याला दिसले की लोकांना एक वाट सापडली आहे. सापडलेली वाट मोकळी ठेवणे कुठल्याही सरकारच्या स्वभावात बसत नाही. १९१८ मध्ये पेट्रोलबरोबर गॅसच्या वापरावरही निर्बंध आले. त्याच वर्षी युद्ध संपले, पुढे पेट्रोल परत आले आणि पिशव्या टपांवरून उतरल्या. ज्यांनी कालपर्यंत गॅस हेच भविष्य असल्याचे सांगितले होते, त्यांना पेट्रोलचा वास अचानक सुगंधी वाटू लागला.

पुढची वीस वर्षे सांगण्यासारखे विशेष घडले नाही. पेट्रोल मिळत होते, डिझेल इंजिन आले होते आणि गरज नसताना टपावर गादी बांधून फिरण्याइतका ब्रिटिश माणूस विक्षिप्त नव्हता. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध आणि पेट्रोलचे रेशन एकदमच आले. बार्टन यांच्या कंपनीसह काहींनी पिशव्या पुन्हा टपावर चढवल्या. पण या वेळी सरकारने दुसरीच युक्ती पुढे केली. गॅस ठेवायला जागा नाही ना, मग तो ठेवूच नये. जाता जाता तयार करावा.

याला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. बसच्या मागे दोन चाकांचा एक गाडा जोडायचा. त्यावर भट्टी. भट्टीत अँथ्रासाइट जातीचा कडक कोळसा पेटवायचा आणि पेटत्या थरातून हवा व पाण्याची वाफ ओढून घ्यायची. त्यातून कार्बन मोनॉक्साइड आणि थोडा हायड्रोजन मिळतो. उरलेला मोठा भाग हवेतल्या नायट्रोजनचा, जो जळत नाही, काम करत नाही आणि तरी सगळ्यांबरोबर फुकट प्रवास करतो. हा वायू गाळून, थंड करून लांब नळीने पुढच्या इंजिनापर्यंत न्यायचा. टिलिंग या मोठ्या बस-समूहाने अशा ट्रेलरच्या विकासात पुढाकार घेतला. मोठ्या बस-कंपन्यांनी आपल्या ताफ्यातला दहावा हिस्सा या गॅसवर आणावा, असे सरकारचे फर्मान निघाले. दहा टक्के हे प्रमाण फार विचारपूर्वक ठरवलेले दिसते. उरलेल्या नव्वद टक्के ड्रायव्हरांचे मनोधैर्य त्यामुळे टिकून राहिले.

डिझेल इंजिनाला हा गॅस मानवत नसे, कारण नुसत्या दाबाने तो पेट घेत नाही. त्याला ठिणगी लागते. म्हणून निवृत्तीच्या वाटेवर असलेल्या पेट्रोल इंजिनाच्या जुन्या बस पुन्हा कामाला जुंपण्यात आल्या. लंडन ट्रान्सपोर्टने आपल्या एसटी वर्गातल्या बस निवडल्या. हे नाव वाचून मराठी वाचकाला जे आठवेल त्याच्याशी या बसचा संबंध नाही, पण चढावरच्या अनुभवात साम्य निघू शकेल. एसेक्समधल्या ग्रेज येथील आगारातून १९४२ पासून अशा बस धावू लागल्या. थकलेले इंजिन, एक-तृतीयांशाहून जास्त घटलेली शक्ती आणि वर शेपटीला भट्टीचे ओझे, असा हा संच होता. सपाट मुलूख पाहून मार्ग ठरवावे लागत. मागे ट्रेलर असल्याने बस उलटी घेणे म्हणजे कसरत, म्हणून शेवटच्या स्टॉपवर गोल वळायला जागा हवी. सपाट, सरळ, कमी स्टॉपचा आणि शेवटी गोल असा मार्ग मिळाला की ही बस उत्तम चालते, असा निष्कर्ष निघाला. असा मार्ग मिळाला तर इतर बहुतेक वाहनेही उत्तम चालतात.

भट्टीचा स्वभाव मानी होता. इंजिन जितक्या जोरात हवा ओढी, तितका निखारा फुले. बस स्टॉपवर थांबली की ओढ कमी, निखारा मंद आणि गॅस पातळ. म्हणजे प्रवासी चढून बस भरली आणि जोर लावण्याची वेळ आली की नेमका त्याच क्षणी जोर नसे. ‘बस का थांबलीय?’ असे इन्स्पेक्टरने विचारल्यावर ‘थांबली नाही साहेब, विस्तव धरतोय,’ हे उत्तर त्या काळी पूर्ण तांत्रिक होते. दिवसाचा आरंभ भट्टी पेटवण्याने, मध्यंतर कोळसा घालण्याने आणि शेवट राख, खडे आणि गाळणीतली घाण काढण्याने होई. ड्रायव्हरची नोकरी स्वीकारलेल्या माणसाला आपण प्रत्यक्षात आगगाडीचे फायरमन आहोत असे हळूहळू समजू लागले आणि तेही फायरमनच्या पगाराशिवाय. त्यात कार्बन मोनॉक्साइड विषारी. बंद आगारात भट्टी धुमसत ठेवणे धोक्याचे. दहा टक्क्यांचे लक्ष्य गाठण्याआधीच परिस्थिती निवळली आणि १९४४ मध्ये ही योजना गुंडाळण्यात आली. योजना बंद झाल्याचे दुःख कुणी व्यक्त केल्याचे फारसे दिसत नाही.

हीच विद्या त्या वर्षांत भारतातही आली आणि मराठी मुलखाने ती जवळून पाहिली. पेट्रोल दुर्मीळ झाल्यावर खासगी सर्व्हिस मोटारींच्या मागे कोळशाची उभी टाकी बसली. क्लीनर हाताने पंखा फिरवून निखारे फुलवी, प्रवासी बाहेर उभे राहून सल्ले देत आणि गाडी तापली की सगळे धावत चढत. ब्रिटनमध्ये सरकारने आज्ञा केली होती; इथे ड्रायव्हरने गाडी ढकलायला उतरा म्हटले की तीच आज्ञा.

गॅसच्या पिशवीला अमर केले ते मात्र दूरदर्शनाने. बीबीसीच्या ‘डॅड्स आर्मी’ या विनोदी मालिकेत १९६९ च्या एका भागात लान्स कॉर्पोरल जोन्स या खाटकाची व्हॅन गॅसवर आणली जाते आणि टपावरच्या पिशवीला संगीन लागून भोक पडते. एवढ्या साऱ्या तांत्रिक प्रयत्नांचा सारांश याहून थोडक्यात कुणाला सांगता आलेला नाही.

पुढे दाबाखाली गॅस साठवणाऱ्या भक्कम पण हलक्या टाक्या निघाल्या आणि जागेचा जुना तंटा मिटला. २०१३ मध्ये रेडिंग शहरात सीएनजीवरच्या नव्या बस आल्या. २०१७ मध्ये बायोगॅसवर चालणाऱ्या डबलडेकर रस्त्यावर उतरल्या, त्या बार्टन यांच्याच नॉटिंगहॅममध्ये. त्याआधी २०१४ मध्ये ब्रिस्टल आणि बाथ परिसरात चाळीस आसनांची बायो-बस धावली. तिचा गॅस सांडपाणी आणि वाया गेलेल्या अन्नापासून तयार होत असे आणि बाहेरच्या बाजूला कमोडवर बसलेल्या माणसांची रांगेने चित्रे काढलेली होती. एका भरणीत ती सुमारे ३०० किलोमीटर जाई. एवढ्या गॅससाठी पाच माणसांची वर्षभराची शौचकूपातली कामगिरी पुरते, असे तेव्हा सांगण्यात आले. गॅसच्या टाक्या अर्थातच टपावर होत्या आणि इंधन कुठून येते हे बाहेर ठळक रंगवलेले असूनही प्रवाशांनी खिडकीजवळच्या जागेसाठी नेहमीप्रमाणेच धक्काबुक्की केली असेल, यात शंका घेण्याचे कारण नाही.